डावा गाल

४ फेब्रुवारी १९३९. हिंगोली

औषधाचा दुसरा बोळा गालावरून फिरवला तेव्हा जळणं थांबलं होतं. पहिल्या वेळी जीव डोळ्यांत आला. दुसऱ्या वेळी गाल माझा राहिलाच नव्हता. शेजारच्या खोलीत ठेवलेली एखादी वस्तू कुणी पुसावी, तसं.

डॉक्टरांच्या पत्नी हातपंख्यानं वारा घालत होत्या. म्हणाल्या, "पांढरा पडला हो."

"पडायलाच पाहिजे," डॉ. म्हणाले. "हलू नका. बोलू नका. हसू तर नकाच."

कारबॉलिक ॲसिडचा वास. धुतलेल्या फरशीचा. काचेच्या काडीला कापूस गुंडाळलेला, काडी डोळ्याच्या कडेपाशी आली की माझा श्वास थांबायचा. त्यांचाही. मागच्या लढाईत ते पलटणीबरोबर बसऱ्याला होते. तिथल्या एका गोऱ्या सर्जनकडून हे शिकले. चेहरे भाजलेल्या शिपायांवर. देवीच्या वणांवर आजवर दोघांनाच केलं, असं सांगून टाकलं आधीच. "खड्डा जात नाही. त्याच्या कडा झिजतात. मग तो उथळ दिसतो. एवढंच वचन देतो."

आज फक्त डावा गाल. सगळा चेहरा एकदम केला तर काळजावर येतं म्हणे. उजवा महिन्यानं.

पथ्य: पाणी नाही, ऊन नाही, नख नाही. "खपली आपली आपण पडेल. पंधरा दिवस लागोत नाही तर वीस. ओली करून आधी काढलीत तर आत्ता आहे त्याहून वाईट वण राहील. मग माझ्याकडं यायचं नाही."

संध्याकाळ. डॉ. नी विचारलं होतं, आत्ताच काहून? लग्न ठरलं का? नाही म्हटलं. तिशी आली, म्हटलं. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. मी शिकवते त्या शाळेच्या फोटोत मी दुसऱ्या रांगेत आहे. फोटोवाल्यानं काचेवर पेन्सिल फिरवून माझा चेहरा साफ केला, न विचारता. बिचाऱ्याला वाटलं, उपकार करतोय. त्या फोटोतली बाई मी दिवसातून दोनदा पाहू लागले. ही झाली असती. पाचव्या वर्षी देवीची ती पंधरवड्याची गोष्ट घडली नसती तर ही.

तिला एकदा भेटावं, इतकंच.

५ फेब्रुवारी

डावा डोळा बंद. सूज मानेपर्यंत. पाणी सुटतंय, उशीचा अभ्रा चिकटला.

सकाळच्या गाडीनं दिनू आला. धाकटा भाऊ, पण घर तो चालवतो म्हणून थोरल्यासारखा वागतो. दारातच थांबला.

"अक्का, हे तू आपणहून केलंस?"

"हो."

"बरं."  पिशवीतून बायकोनं, रमानं दिलेल्या दशम्या काढल्या. मला तोंड उघडेना. त्यानंच खाल्ल्या.

मला गावाकडं, हट्ट्याला न्यायला आलाय. रजा महिनाभराची आहे, इथं खोलीत एकटी कशी राहणार. नको म्हणत होते. मग त्यानं शेजारच्या कुरुंद्याचं सांगितलं. तिथं देवी आल्यात. चार घरं. दोन लेकरं गेली. आणि छबीला अजून टोचलेलं नाही. त्याची दीड वर्षाची मुलगी. मागच्या साली देवी टोचणारा आला तेव्हा घरातल्या आमच्या आत्यानं तिला धान्याच्या खोलीत कणगीमागं घेऊन बसवलं, तोंडात गुळाचा खडा देऊन. टोचणारा निघून गेला.

"तू सांग तिला. तुझं ऐकती."

माझं कधी ऐकलंय आत्यानं. पण जाते.

६ फेब्रुवारी. हट्टा

वसमतला उतरून बैलाच्या दमणीनं. चेहऱ्यावरून पदर, डोळे मिटलेले. वाट डोळे मिटून कळते. ओढ्याचा उतार, मग वाळू, मग चाकाचा आवाज बदलतो. हळदीची शेतं आली की वास. काढणी चालू आहे, पाला कापून पडलाय. लहानपणी याच वळणावर आईला विचारायची, आलं का? ती म्हणायची, झोप, आलं की उठवीन. उठवायची नाही. सकाळी घरातच जाग यायची.

आत्या ओसरीवर उभी होती. मी पदर काढला. खपली आता तपकिरी झालीय, ओली आहे, कडेनं लाल.

आत्यानं चेहरा पाहिला. हात जोडले. मग आत गेली. आतून रमाचा आवाज, "अहो पण फोडणी टाकली आता." मग चुलीवर पाणी ओतल्याचा.

७ फेब्रुवारी

दारावर कडुनिंबाचे डहाळे, घरात देवी आल्यावर लावतात तसे. माझ्या अंथरुणाभोवतीही.

सकाळभर दिनू आणि आत्या. मी आतून ऐकत होते.

"आत्या, ते औषध हाय. डॉक्टरनं लावलंय. आपल्या हातानं."

"कुनाच्या हातानं यायचं ते तिचं ती ठरवती."

"अगं, एकदा येऊन गेलेली परत येत न्हाई. अक्काला पाचव्या वर्षीच येऊन गेली. तूच तर सांगतीस."

"आली होती की. तवा दिलेलं आता न्यायला आली आसंल."

दिनू बाहेर निघून गेला.  डॉक्टरांनी दोन तास समजावून सांगितलं ते आत्यानं एका वाक्यात सांगितलं.

घरात आता फोडणी नाही, तळण नाही, कुणी केस विंचरायचे नाहीत, दिनूनं दाढी करायची नाही. हळद शिजवायची कढईसुद्धा थांबवली. मला अहो-जाहो. "आई, वाईच दही घेता का?" आत्या, वय साठीच्या पलीकडं, माझ्या पायाशी बसून.

मी म्हटलं, आत्या, मी वेणू आहे.

"व्हय आई," म्हणाली.

८ फेब्रुवारी

डावा डोळा किलकिला उघडतो. खाज सुरू. डॉ. नी सांगितलं होतं, खाजेल, हात बांधून ठेवा. आत्यानं काही न सांगता कडुनिंबाची डहाळी हातात दिली. खाजलं की पानं नुसती गालावरून फिरवायची. नख लागत नाही. आईनंही हीच दिली होती. पानांची कातर कड, कडू वास. एवढं विसरले होते आणि हात विसरला नव्हता.

त्या पंधरवड्यातलं काय काय आठवतं. आईच्या बांगड्या वाजत नव्हत्या. काढून ठेवल्या असतील. खाली राखेवर धडपं, धडप्यावर मी. आई रात्रंदिवस उशाशी. तिला घरात दुसरं काम नव्हतं, ते तेवढेच दिवस. त्याआधी आणि नंतर ती कायम कुठून तरी कुठं तरी चाललेली. पुढं अंगावर वण राहिले त्याचं मला वाईट वाटल्याचं आठवत नाही. आई उशाशी बसायची बंद झाली, त्याचं आठवतं.

आणि नंतरही कितीतरी वर्षं झोपेत तिचा हात माझ्या डाव्या गालावर. खोल वण तिकडंच. झाकल्यासारखा ठेवायची. कुणापासून झाकत होती कोण जाणे, घरात अंधारच असायचा.

डॉ. नी पहिल्यांदा डावाच का घेतला? खिडकी त्या बाजूला होती म्हणून.

९ फेब्रुवारी

दिनू तिसऱ्या दिवशी अळणी वरण जेवला. "देवीला तिखट चालत न्हाई हे कबूल. मला चालतं. माझं काहून बंद?"

आत्या: "तुला तिच्याहून जास्त कळतं का?"

"तिखटातलं कळतं."

रमा तोंडाला पदर लावून हसली. मला हसता येत नाही. गाल ताणला की कडेनं चर्रर्र होतं.

रमा गुणी मुलगी. आत्या झोपली की माझ्याजवळ येऊन बसते. छबी तिच्या मांडीवर. आज हळूच म्हणाली, कुरुंद्याला अजून एक घर वाढलं. मग म्हणाली, "अक्का, देवी आल्या तवा तुमाला किती दुखलं होतं हो?" मी म्हटलं, आठवत नाही. खोटं नव्हतं. ती छबीच्या दंडावरून अंगठा फिरवत राहिली. गोरा, गोल दंड. मनगटाशी वळी.

१० फेब्रुवारी

गल्लीतल्या बायका यायला लागल्यात. दारातून पाणी शिंपडतात, वाटीभर दही ठेवतात, नमस्कार करून जातात. मी भिंतीकडं तोंड करते. मग त्या आणखी वाकून करतात.

आज पाटलीणबाई. तिची जीभ लहानपणापासून माहीत आहे.

"मास्तरीणबाईकडं आली व्हय? मंग इंग्रजीत बोलती का मराठीत?"

दुसरी कुणीतरी, "गप बाई, ऐकत आसंल."

"ऐकू दे की. आमाला बी वाईच शिकवंल."

हसू आलं. आवरता आलं नाही. खपलीला बारीक चीर पडली, तिथून पाणी. पाटलीणबाईनं ते पाहिलं आणि एकदम गंभीर झाली, डोकं टेकवलं. उंबऱ्याला कपाळ लागल्याचा आवाज आला.

पुण्याला वसतिगृहात एक मैत्रीण होती. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, तुझा चेहरा धुळीवर पावसाचे चार थेंब पडून गेल्यासारखा आहे. वाईट अर्थानं नव्हती म्हणाली. त्या दिवसापासून आरशाचा त्रास कमी झाला होता. मग तो फोटोवाला भेटला.

११ फेब्रुवारी

दुपारी दवंडी. टोचणारा परवा सकाळी चावडीवर बसणार. एक सकाळ, मग पुढच्या गावाला.

दिनू ओसरीत येऊन उभा राहिला. आत्या तांदूळ निवडत होती.

"परवा छबीला नेणार."

"न्हाई."

"कुरुंदा किती लांब हाय, आत्या? पायी जाऊन येतो मी."

"मला ठाव न्हाई का कुरुंदा? घरात बसली हाय ती. बसल्या देवीसमोर लेकराला सुई? तिला काय वाटंल? आन् ती रागावली तर कुनाला धरंल, तुला का लेकराला?"

म्हणजे मीच. मी इथं पडले आहे म्हणून छबीला टोचायचं नाही. मागच्या साली कणगी होती, औंदा मी. आले होते आत्याला समजवायला. आणि गाल जाळून घेतला तो फोटोतली एक बाई भेटावी म्हणून.

मी उठून बसले. आत्याला हाक मारली. आली, पायाशी बसली.

"आत्या, छबीला टोचून घे."

"आई सांगतात?"

देवी होऊन हो म्हणणं सोपं होतं. एक शब्द. आवाज बदलायचीही गरज नव्हती. पण मला ते करायचं नव्हतं. आयुष्यभर असल्या गोष्टींना हसले.

"आई नाही. वेणू सांगते. तुझी भाची. मी शाळेत शिकवते. पाच पोरी देवीत गेलेल्या पाहिल्यात. टोचून घे."

आत्या माझ्याकडं पाहत राहिली. मग हात जोडले. "व्हय आई. घेते टोचून."

दिनूनं सुटकेचा श्वास सोडला. तोच आत्या म्हणाली, "पन आधी तुमची पाठवणी. उद्या न्हाऊ घालते. तुमी शिवेवर गेलात की लेकरू मोकळं."

न्हाऊ. कडुनिंब, हळद, पाणी.

दिनू म्हणाला, "न्हाई न्हाई. पाणी लावायचं न्हाई. डॉक्टरनं सांगितलंय."

मी म्हटलं, "अंगावरून घाल. चेहरा सोडून."

आत्याला हसूच आलं. लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली, "आई चेहऱ्यावर हायत. पायावरून कशा जातील?"

तिन्हीसांजा. तिघं बोललो. दिनू म्हणतो, परवा आत्या देवळात गेली की चोरून नेऊ. रमानं मान हलवली. "टोचल्यावर ताप येतो की. ताप आला की कळलंच. आन् त्या तापात आत्या पोरीला सोडणार न्हाईत, का कुनाकडं नेऊन अंगारे लावतील. तुमी शेतावर जाल. अक्का हिंगोलीला जातील. घरात मीच."

बरोबर आहे तिचं. छबीला आत्यानंच वाढवलंय. तिला चोरून काही करायचं म्हणजे...

दिनू म्हणाला, "अक्का, तू न्हाऊला न्हाई म्हण. टोचणारा पुढच्या साली येईल."

पुढच्या साली. कुरुंदा पायी जाऊन येण्याइतकं लांब.

खपली हातानं चाचपून पाहिली. कानाजवळ थोडी सुटलीय. मधे घट्ट, गालाला शिवल्यासारखी. आजचा आठवा दिवस. पंधरा तरी हवे होते.

आत्याला सांगितलं, उद्या घाल न्हाऊ.

१२ फेब्रुवारी

अंगणात पाट. घंगाळ सकाळपासून उन्हात ठेवलेलं. पाण्यावर कडुनिंबाची पानं, हळदीनं पाणी पिवळं. आत्यानं स्वतः न्हाऊन घेतलं होतं. केस मोकळे, पांढरे, इतके कमी राहिलेत हे कधी लक्षात आलं नव्हतं. रमा टॉवेल घेऊन उभी. दिनू नव्हता, मळ्यात गेला. पाहवणार नाही म्हणाला.

पहिला तांब्या डोक्यावरून. कोमट. खपलीनं पाणी धरलं, जड झाली. मी डोळे मिटून घेतले. दुसरा. तिसरा. आत्या काहीतरी पुटपुटत होती. आई जसं म्हणायची तसंच. शब्द तेव्हाही कळले नव्हते. मग तिनं पानांचा झुबका घेऊन गालावरून खाली ओढला. जोरात नाही. भांडं पुसावं तितकाच.

कळ गेली ती दाताच्या मुळापर्यंत. तोंडातून आवाज निघाला असावा, कारण छबी आत रडायला लागली.

कानाकडची सहज निघाली. मधली निघाली नाही, मग निघाली. वारा एकदम हाडाला लागल्यासारखा. रमानं श्वास ओढलेला ऐकू आला. मी विचारलं, कसं आहे? ती म्हणाली, "लाल हाय अक्का. थोडं रगत हाय." मग म्हणाली, "हळदीनं नीट दिसत न्हाई."

आत्यानं खपल्यांचे तुकडे बोटांनी वेचले. एकही खाली राहू दिला नाही. सुपात दहीभात, कडुनिंबाचा डहाळा, हिरव्या बांगड्या, आणि ते. माझ्या गालाचे तुकडे हळदीच्या पाण्यात भिजलेले, भाकरीच्या करपलेल्या कडेसारखे. सूप डोक्यावर घेऊन ती शिवेकडं गेली. मागं वळून बघायचं नसतं. तिनं पाहिलं नाही. मी पाहत होते, उजव्या डोळ्यानं, ती वेशीआड होईपर्यंत. वाटेतल्या बायका बाजूला होत होत्या.

परत आली ती पाय धुवून सरळ माझ्याकडं. "ऊठ गं. अशी काय बसलीस ओल्या केसांनी. सर्दी हुईल."

तू.

आईचंही असंच झालं होतं. न्हाऊ झालं, सूप गेलं, आणि आई म्हणाली, ऊठ गं, पाट उचल. मी तो पाट उचलला नाही. रडले. सगळ्यांना वाटलं, अंग दुखतंय. मला कळत होतं, काहीतरी शिवेवर गेलं आणि परत येणार नाही. ते पंधरा दिवस ती मला तुम्ही म्हणत होती आणि कुठं जात नव्हती.

आज रडले नाही. पाट उचलला. भिंतीला लावला.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून फोडणीचा वास. लसूण, मोहरी. दिनू दोन भाकरी जास्त जेवला. गालावर आत्यानं लोण्याचं फडकं ठेवलंय. आग होते. ती खालून वर, कानाकडं सरकते. आरसा मागितला नाही. कुणी दिलाही नाही.

डॉ. ना काय सांगायचं ते...

१३ फेब्रुवारी

सकाळी आत्याच छबीला कडेवर घेऊन चावडीवर गेली. रमा मागं. डाव्या दंडावर टोचलं. छबी रडली, मग टोचणाऱ्याची टोपी ओढली. तो म्हणाला, टोचलेलं फुगून उठलं की नाही ते पाहायला आठवड्यानं येतो. नाही उठलं तर पुन्हा. परत येताना आत्या पाटलीणबाईच्या दारात थांबली आणि तिच्या नातवालाही पाठवायला लावलं. दिनूनं हळदीची कढई पेटवली. मी ओसरीत सावलीला बसून होते. फडकं गालाला चिकटलंय. ते काढायला दुपारी रमा कोमट पाणी करणार आहे.